यझ्दला जायचं तर आधी जमिनीखाली उतरा

इराणच्या नकाशावर साधारण मधोमध बोट ठेवलं तर ते यझ्दच्या आसपास पडतं. एका अंगाला दश्त-ए-कवीर, दुसऱ्या अंगाला दश्त-ए-लूत अशी दोन वाळवंटं आणि नैऋत्येला शीरकूहचा चार हजार मीटरहून उंच डोंगर. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर, म्हणजे कोकणात एखाद्या दुपारी पडून जातो तेवढा. जवळपास बारमाही नदी नाही. तरीही इथे शतकानुशतकं शहर नांदलं. १२७२ मध्ये मार्को पोलो इथून गेला तेव्हा इथलं रेशमी कापड दूरवर जात होतं. युनेस्कोने २०१७ मध्ये यझ्दच्या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. साधारण १९५ हेक्टरांवरचं हे मातीचं शहर आहे आणि त्यात अजून माणसं राहतात, स्वयंपाक करतात, भांडतात, लग्नं लावतात.

बहुतेक प्रवासी इस्फहानहून संध्याकाळी येतात, एखाद्या कॅफेच्या गच्चीवर चढतात, मावळतीच्या उन्हात बादगीरांचे, म्हणजे घरांत वारा उतरवणाऱ्या मनोऱ्यांचे, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी शिराझची बस धरतात. हे फार वाईट वाटतं. गच्चीवरून जे दिसतं त्याचं कारण जमिनीखाली आहे, आणि ते आधी पाहिलं नाही तर वरचं सगळं नुसतं देखणं राहतं. यझ्द बघायचा क्रम पाण्याने ठरवलेला आहे. तो तसाच पाळावा.

म्हणून पहिली सकाळ पाण्याच्या संग्रहालयाला द्या. अमीर चखमाक चौकापासून ते चालत दोन-चार मिनिटांवर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका व्यापाऱ्याच्या वाड्यात ते मांडलंय, आणि तो वाडाच त्यातली सगळ्यात मोठी वस्तू आहे. वर खोल्या, त्याखाली तळघर, त्याखाली पुन्हा पायऱ्या आणि अगदी तळाशी कनातीचं भुयार. कनात म्हणजे जमिनीखालची पाणवाट. बीदरकडे तिला करेझ म्हणतात. पायऱ्या उतरताना प्रत्येक मजल्याला हवा बदलते आणि हाताला भिंत थंड लागू लागते. छत ठेंगणं आहे, पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी तळघरापर्यंत जाऊन थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि खिशात छोटी बॅटरी ठेवावी.

कनात खणायची रीत समजून घेतली की पुढचं शहर आपोआप वाचता येतं. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे बर्फाचं पाणी गाळाच्या थरांत मुरतं, तिथे आधी अंदाजाची विहीर खणतात. पाणी लागलं आणि काही दिवस टिकलं की ती मादर-चाह, म्हणजे मातृविहीर. मग गावाकडचा उतार मोजून पाणी कुठे आपसूक उघड्यावर येईल ती जागा ठरवायची. भुयार खणायला सुरुवात होते ती या खालच्या तोंडापासून, मातृविहिरीपासून नाही. वरून खणत आलं तर खणणारा पहिल्याच दिवशी पाण्यात उभा राहील. खालून गेलं तर बराच काळ कोरड्यात काम होतं आणि पुढे पाणी लागलं तरी ते मागे वाहून जातं. वाटेत साधारण दर वीस ते पन्नास मीटरवर एक उभी विहीर असते. तिच्यातून माती वर निघते आणि हवा आत येते. काढलेली माती विहिरीच्या तोंडाभोवतीच गोल रचतात, म्हणजे पावसाचा लोंढा आत घुसून भुयार बुजवत नाही. विमानाने दिवसा येत असाल तर खिडकीची जागा घ्या. वाळवंटात सरळ रेषेत मांडलेली ही मातीची कडी मैलोन् मैल दिसतात.

सगळी कसोटी उताराची. लांब कनातीत हजार मीटरला एखादा मीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावतं, तळ खरवडतं आणि भुयार आतून ढासळतं. कमी झाला तर गाळ बसत जातो आणि पाणी तुंबतं. एवढा बारीक उतार जमिनीखाली, अंधारात, पाण्याची पातळी दाखवणारं साधं साधन आणि दोरी घेऊन साधायचा. दिशा चुकू नये म्हणून खणणारा आपल्या पाठीमागे दोन दिवे ओळीत ठेवतो. मागे वळून पाहिल्यावर पुढच्या दिव्याआड मागचा झाकला गेला तर भुयार सरळ चाललंय. दिवा मंदावला तर हवा खराब झाली, तडक बाहेर यायचं. भुसभुशीत माती लागली की भाजलेल्या मातीच्या लंबगोल कड्या एकामागून एक बसवत पुढे जायचं. या कड्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. त्यांच्यातून माणूस कसाबसा वाकून जाईल एवढंच माप असतं. या कारागिरांना मुकन्नी म्हणतात. ते पांढरे कपडे घालून उतरत. अंधारात दिसावं हे एक कारण, आणि भुयार अंगावर आलं तर तेच कफन व्हावं हे दुसरं.

यझ्दच्या पोटातून जाणारी झार्चची कनात ७० किलोमीटरहून लांब आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणमधल्या अकरा कनाती एकत्रितपणे यादीत घेतल्या, त्यांत हीही आहे. त्याच यादीतल्या गोनाबादच्या कनातीची मातृविहीर ३०० मीटरहून खोल मानतात. ही विद्या आपल्याकडेही पोचली होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर-ए-अंबरी केली ती याच घराण्यातली. आपल्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात तर आजही कुंड्यांची ओळ पाहता येते. यझ्दला जाण्याआधी यांतलं एक बघून गेलात तर संग्रहालयातल्या आकृत्या समजावून घ्यायला कुणी लागणार नाही.

संग्रहालयाच्या एका दालनात पाणी वाटायचं साधन आहे, आणि मराठी माणूस तिथे हमखास थबकतो. मोठ्या भांड्यात पाणी, त्यावर बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. पाणी भोकातून वर येतं, वाटी भरते, बुडते. माणूस तिला उचलतो, रिकामी करतो, पुन्हा सोडतो आणि एक खडा बाजूला ठेवतो. आपल्या लग्नातलं घटिकापात्र ते हेच. आपल्याकडे त्यावर मुहूर्त धरला, तिथे पाण्याची पाळी. अमुक शेताला इतक्या वाट्या, तमुक बागेला इतक्या. हा हिशेब सांभाळणाऱ्याला मीराब म्हणत. आपल्या फड सिंचनपद्धतीतला पाटकरी तो हाच माणूस. पाण्याचे हिस्से वारशाने जात, विकले जात, हुंड्यात दिले जात. जमीन एकाची आणि तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची वाटी दुसऱ्याची, हे यझ्दमध्ये अगदी साधं होतं.

दुपारी एक ते चार-पाच गाव झोपतं. दुकानं बंद, पुष्कळशी संग्रहालयंही बंद. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा असताना हे शहाणपणाचं आहे, पण अनोळखी माणसाचा अर्धा दिवस त्यात फुकट जातो. सकाळी आठला बाहेर पडा, दुपारी जेवून आडवे व्हा, पुन्हा पाचनंतर निघा. शुक्रवार सुट्टीचा. मार्चच्या २०-२१ तारखेपासून पुढचे दोन आठवडे नवरोझची गर्दी असते. त्या काळात खोली आधी ठरवलेली नसेल तर जाऊच नका. एप्रिलचा उत्तरार्ध, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे खरे दिवस. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम अलीकडे बदलत राहिले आहेत आणि त्या भागातली परिस्थितीही, म्हणून तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. आपली बँककार्डं तिथे चालत नाहीत. सगळा खर्च रोख युरो किंवा डॉलरमध्ये न्यावा लागतो. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल छापलेले असतात आणि दहा रियालांचा एक तोमान होतो. पैसे देण्याआधी कोणता आकडा सांगितला ते विचारून घ्या.

कनातीचं पाणी शहरात आलं की ते साठवायला आब-अंबार, म्हणजे जमिनीत बांधलेलं गोल टाकं. वर विटांचा घुमट, त्याला टेकून बादगीर, आणि एका बाजूने खोल उतरणारा जिना. टाकं आतून सारूज नावाच्या लेपाने लिंपत. चुना, माती, वाळू, राख, बकरीचे केस आणि अंड्याचा पांढरा भाग हे त्यातले घटक. केसांमुळे तडे जात नाहीत, आणि राख-चुन्याचा लेप पाण्याखालीही घट्ट होत जातो. टाकी थंडीत भरत, कारण तेव्हा पाणी गार आणि कीटकांचा त्रास कमी. तोटी टाक्याच्या तळापासून जराशी वर, म्हणजे बसलेला गाळ हंड्यात येणार नाही. म्हणूनच जिना इतका खोल. काही ठिकाणी पन्नासच्या वर पायऱ्या आहेत. जुन्या शहरातलं सहा बादगीरांचं आब-अंबार लांबूनही ओळखू येतं. घुमटाखाली वारा फिरता राहिला की दमट हवा निघून जाते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार राहतं. सगळ्या बाजूंनी वारा यावा म्हणून बादगीर सहा.

आता बादगीर. त्याला वारा पकडणारा मनोरा म्हणून सोडून दिलं तर निम्मीच गोष्ट कळते. मनोऱ्याच्या पोटात विटांचे पातळ पडदे घालून त्याचे उभे कप्पे केलेले असतात. वाऱ्याच्या बाजूचा कप्पा हवा खाली ढकलतो. पाठीमागच्या बाजूला दाब कमी झाल्याने तिकडचा कप्पा खोलीतली तापलेली हवा वर ओढतो. वारा मुळीच नसला तरी काम पूर्ण थांबत नाही. दिवसा ऊन खाल्लेल्या मनोऱ्यातली हवा गरम होऊन वर निघते आणि तिच्या जागी अंगणातली किंवा तळघरातली गार हवा खोलीत येते. रात्री मनोरा थंड पडतो आणि पहाटे उतरणारी हवा घराच्या भिंती गार करून ठेवते. जिथे बादगीराखाली हौद किंवा कनातीकडे जाणारी वाट आहे तिथे कोरडी हवा पाण्यावरून जाते आणि आणखी थंड होते. कोरडेपणा हीच इथली गुरुकिल्ली आहे. मुंबईच्या दमट हवेत अगदी असाच मनोरा बांधला तर वाऱ्याची झुळूक मिळेल, हा गारवा मिळणार नाही.

हे अंगावर घ्यायची जागा म्हणजे दौलताबाद बाग. अठराव्या शतकाच्या मध्यावर मोहम्मद तकी खान या यझ्दच्या सुभेदाराने ती केली. तिथल्या अष्टकोनी मंडपावरचा बादगीर ३३ मीटरच्या वर आहे. जगातला सगळ्यात उंच म्हणून तोच सांगतात. तो विसाव्या शतकात कोसळला होता आणि पुन्हा बांधला गेला. मनोऱ्याच्या बरोबर खाली उथळ संगमरवरी हौद आहे. त्याच्या काठावर उभे राहा आणि मान वर करा. आठ कोनांचे पडदे मध्याकडे मिळत जातात आणि कप्प्याकप्प्यांतून उजेड झिरपतो. मग ओढणीचं किंवा रुमालाचं टोक हलकंच धरून हौदाभोवती सावकाश फिरा. एका बाजूला ते खाली दबतं, दुसऱ्या बाजूला आत ओढल्यासारखं वर उठतं. दोन्ही प्रवाह तुमच्या हातात येतात. बागेत सकाळी दार उघडताच जा. एकदा सहलीच्या बसा आल्या की हौदाशी उभं राहायला जागा मिळत नाही. ही बाग २०११ मध्ये इराणी बागांच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि तिला पाणी पुरवत होती अर्थात कनात.

बादगीराच्या अंगातून लाकडाचे वासे आडवे बाहेर आलेले दिसतात. ते शोभेचे नाहीत. मनोऱ्याच्या भिंती एकमेकींना बांधून ठेवणं हे त्यांचं पहिलं काम, आणि डागडुजीला चढणाऱ्या गवंड्याला पाय ठेवायला फळी बांधता यावी हे दुसरं. म्हणजे बांधणाऱ्याने दुरुस्तीची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. यझ्दच्या बांधकामात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ही माणसं कधी न झिजणारं काही बांधायच्या मागे नव्हती. झिजणार हे धरून, पुन्हा हात लावता येईल असं त्यांनी बांधलं.

भिंती कच्च्या विटांच्या आणि वरून काहगेल, म्हणजे माती, पाणी आणि भुश्याचा गिलावा. मळलेली माती एक-दोन दिवस कुजवत ठेवतात, म्हणजे भुसा मऊ होतो आणि गिलावा एकजीव बसतो. भुसा कमी पडला तर वाळताना भेगा पडतात, जास्त झाला तर गिलावा हाताने उकलतो. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात वाढलेल्यांना दर काही वर्षांनी माती टाकणं काय असतं ते सांगायला नको. इथेही तेच: काही वर्षांनी नवा हात द्यायलाच हवा. तो दिला तर भिंत शेकडो वर्षं टिकते. दिला नाही तर आधी गिलावा उकलतो, मग विटांच्या कडा झडतात आणि एखाद्या मोठ्या पावसात छत बसतं. भुश्यामागे वाळवी येते. यझ्दच्या जुन्या इमारतींचा तो मोठा शत्रू आहे. याहून वाईट म्हणजे पायातलं पाणी. नळ आले, न्हाणीघरं आली, शौचालयं आली. गळक्या पाइपाची ओल मातीच्या भिंतीत वर चढते आणि भिंत खालून पोखरली जाते. जुने वाडे हॉटेलं झाले हे चांगलंच आहे, नाहीतर त्यांतले कित्येक पडले असते. पण प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर हवंच हा पाहुण्यांचा हट्ट त्या भिंतींना सोसत नाही. सामाईक न्हाणीघराची जुन्या घरातली खोली मिळाली तर ती आवर्जून घ्या. आणि भूकंप. यझ्दचा परिसर त्या मानाने शांत आहे म्हणून मातीचं एवढं मोठं शहर उभं राहिलं. २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात बाम शहराचा मातीचा किल्ला आणि त्याखाली हजारो माणसं कशी गेली, ते विसरता येत नाही.

गल्ल्या अरुंद आणि भिंती उंच, त्यामुळे दिवसभर एका बाजूला सावली राहते. मध्येच गल्ली झाकून टाकणाऱ्या कमानी लागतात; त्यांना साबात म्हणतात. त्या सावली देतात आणि समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींवर टेकू देतात. त्यांच्याखाली फोटो काढताना मागून येणाऱ्या मोटारसायकलचा कानोसा घ्या. या वळणांवर ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. दारांवर दोन वेगवेगळ्या कड्या असतात. एका फळीवर जड दांडा पुरुषांसाठी, दुसऱ्या फळीवर हलकी गोल कडी बायकांसाठी. आवाजावरून आत कळे की कोण आलंय आणि दार उघडायला कुणी जायचं. आत शिरल्यावर सरळ अंगण दिसत नाही. आधी अष्टकोनी देवडी, तिथून वळणारी वाट आणि मग अंगण. अंगण रस्त्यापेक्षा खोल. तिथून निघालेली माती विटांना कामी आली आणि झाडांची मुळं पाण्याजवळ गेली. उन्हाच्या दिवसांत कुटुंब अंगणाच्या एका बाजूच्या खोल्यांत राही, थंडीत सामान उचलून समोरच्या, ऊन येणाऱ्या खोल्यांत जाई. हे सगळं लारी घराण्याच्या वाड्यात नीट पाहता येतं.

जामे मशीद सकाळी बघा. दर्शनी कमान पूर्वेला आहे आणि निळ्या फरशांवर कोवळं ऊन तेव्हाच असतं. आजची इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली, आणि कमानीवरचे जुळे मिनार पन्नासेक मीटरचे. दुरून पाहून परत फिरू नका, भिंतीशी अगदी जवळ जा. इथली उत्तम कामं मोअर्रक पद्धतीची आहेत: प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजायची, मग छिन्नीने पाकळी, देठ, अक्षर असे तुकडे कापायचे, मागच्या बाजूने कडा तिरक्या घासायच्या, तुकडे उलटे मांडून मागून चुन्या-गिलाव्याने जोडायचे आणि सगळा पट्टा उचलून भिंतीला बसवायचा. प्रत्येक रंगाला त्याला मानवेल तेवढीच आच मिळते, म्हणून हा निळा इतका खोल उतरतो. पुढे सफवी काळात एकाच फरशीवर सात रंग रंगवून एकदम भाजायची पद्धत रूढ झाली. ती झटपट होते, पण रंगांत ही धग नाही. जुनं आणि नव्याने भरलेलं काम शेजारी शेजारी दिसतं. फरक कळायला तुकड्यांमधली सांध बघा. आणि अंगणातून कनातीकडे उतरणारा जिना शोधायला विसरू नका. झार्चचं पाणी या मशिदीच्याही खालून गेलेलं आहे.

अमीर चखमाक चौकातला तीन मजली कमानींचा दर्शनी भाग रात्री दिव्यांत सुंदर दिसतो. समोरचा झाडाएवढा लाकडी नख्ल, म्हणजे मिरवणुकीत वाहून न्यायचा सांगाडा, मोहर्रमचा. तिथे अर्धा तास पुरे.

त्याहून जास्त वेळ जरथुश्त्री यझ्दला द्यावा, आणि मुंबई-पुण्याच्या वाचकाने तर नक्कीच. आपल्या इराणी हॉटेलांतली कितीतरी घराणी यझ्द आणि तफ्तसारख्या आसपासच्या गावांतून आली. ती का आली, याचं उत्तर इथल्या घरांच्या उंचीत आहे. जरथुश्त्री माणसाने जिझिया भरायचा, घोड्यावर बसायचं नाही, भडक रंगाचे कपडे घालायचे नाहीत, घर ठेंगणं ठेवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या घरांवर बादगीरही बांधू देत नसत. गच्चीवरून दिसणाऱ्या त्या मनोऱ्यांकडे हे कळल्यावर पुन्हा एकदा पाहावं. या शहरात वारासुद्धा सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. दुष्काळ आणि छळ यांनी गांजलेली माणसं मुंबईकडे निघाली.

मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये आपला प्रतिनिधी म्हणून मानेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवलं. त्यांनी शाळा काढल्या, अग्निमंदिरं आणि दख्मे, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायच्या जागा, दुरुस्त केले, तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षं खेटे घातले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने जरथुश्त्रींवरचा जिझिया रद्द केला. यझ्दच्या दक्षिण टोकाला दोन टेकड्यांवर दोन दख्मे आहेत, त्यांतला एक हतारियांच्या नावाने ओळखला जातो. वर गोल उघडं आवार, मध्ये खड्डा. बाहेरच्या वर्तुळात पुरुषांचे देह, मधल्यात बायकांचे, आतल्यात मुलांचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापर थांबला. आता पायथ्याच्या दफनभूमीत सिमेंटच्या कबरी आहेत, म्हणजे देह मातीला लागत नाही आणि धर्माचा मूळ नियम राहतो. मुंबईत गिधाडं संपल्यावर मलबार हिलच्या डुंगरवाडीपुढे जो पेच आला, त्याला यझ्दने आधीच असं उत्तर शोधलं होतं. वर चढायला पंधरा मिनिटं लागतात, सावली कुठेच नाही; उन्हं कलल्यावर जा. ही कुणाच्या तरी आजी-आजोबांची अखेरची जागा आहे, त्या भानाने वावरा. खाली मातीच्या ज्या पडक्या इमारती दिसतात त्या शोकाला आलेल्या कुटुंबांनी राहायच्या. तिथेही आब-अंबार आहे आणि त्यावर बादगीर आहे.

आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर, शहरात आहे. १९३४ मध्ये भारतातल्या पारशी समाजाच्या मदतीने ही इमारत उभी राहिली, म्हणून तिचा तोंडवळा ओळखीचा वाटतो: दर्शनी खांब, वर फरोहर हे पंख पसरलेलं जरथुश्त्री चिन्ह, समोर गोल हौद. आतला अग्नी इसवी सन ४७० च्या सुमारापासून अखंड आहे असं परंपरा सांगते. तो गावोगाव लपवत, हलवत इथवर आणला. मुंबईत चार आतश बेहराम आहेत, पण पारशी नसलेल्याला त्यांत प्रवेश नाही. इथे कुणालाही काचेपलीकडून ज्योत पाहता येते. आत मोठा धातूचा कुंड, त्यात बदाम-जर्दाळूची सुकी लाकडं. पांढऱ्या कपड्यांतला दस्तूर दिवसातून अनेकदा आत येऊन लाकूड घालतो. तेवढा वेळ थांबलात तर सगळं जवळून दिसेल. काचेवर फ्लॅश मारू नका.

तिसरा दिवस बाहेरचा. एक टॅक्सी ठरवून खरानकचं जुनं मातीचं गाव, चकचकचं जरथुश्त्री देवस्थान आणि मेबद असा फेरा सकाळी सातला निघून संध्याकाळपर्यंत होतो. चकचकला उभ्या कड्याखाली दोनशेहून जास्त पायऱ्या चढायच्या असतात, म्हणून ते उन्हाआधी उरका. मेबद शेवटी ठेवा आणि त्याला किमान तीन तास द्या. तिथला नारीन किल्ला, हजारो खुराड्यांचा कबुतरांचा मनोरा (खतासाठी पाळलेली कबुतरं ती), कारवान-सराई, आणि सगळ्यांत खास यखचाल, बर्फाचं घर. मातीचा उंच शंकूसारखा घुमट, आत खोल खड्डा, बाहेर उंच भिंत आणि तिच्या उत्तरेला उथळ तळं. थंडीत रात्री तळ्यात बोटभर पाणी सोडायचं. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली ते उष्णता टाकून गोठतं. सकाळी भिंतीच्या सावलीत असतानाच बर्फ फोडून खड्ड्यात रचायचा, थरांमध्ये गवत-पेंढा घालायचा. वितळलेलं पाणी तळाच्या चरातून काढून द्यायचं, कारण ते साचलं तर उरलेला बर्फही संपवतं. उन्हाळ्यात चाळीस अंशांत गावाला बर्फ मिळे. मेबदचे बादगीरही निरखा. ते एकाच बाजूला उघडे आहेत, चांगल्या वाऱ्याकडे तोंड करून, आणि धुळीच्या वाऱ्याकडे पाठ करून.

परतीच्या वाटेवर झार्च लागतं, तिथे त्या लांब कनातीचा खालचा भाग आहे. ड्रायव्हरला सांगून थांबा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोटारीच्या खोल विहिरी आल्या, भूजल खाली गेलं आणि कनातींचं पाणी आटत चाललं. शहरात उभ्या विहिरींच्या तोंडांवर घरं आली, सांडपाणी आत मुरू लागलं, गाळ काढायला उतरणारे मुकन्नी म्हातारे झाले. आज यझ्दला पिण्याचं बरंचसं पाणी झायंदे नदीवरून शेकडो किलोमीटरच्या जलवाहिनीने येतं, आणि आपल्या शेताचं पाणी चाललं म्हणून इस्फहानकडच्या शेतकऱ्यांनी ती वाहिनी एकाहून जास्त वेळा फोडली आहे. काही कनातींमध्ये अजून गाळ काढला जातो, हिस्सेदार अजून वर्गणी भरतात. मातीच्या कड्यांची ओळ रस्त्यालगत दिसली तर तिच्या टोकाशी हिरवं शेत आहे का ते बघा. असेल तर ती कनात चालू आहे.